कठड्याच्या अलीकडे

सफरचंदाचा मावा आटवायला घेतला की दिवसभर पळी थांबवायची नसते. थांबली की तळाला लागतो आणि मग वर्षभर प्रत्येक पावाला करपट वास येतो. म्हणून आमच्या खोऱ्यात घरातल्या अवघड गोष्टी याच दिवशी बोलायची रीत पडली असावी. ज्याच्या हातात पळी असते त्याला उठून जाता येत नाही, आणि उठून जाता येत नाही म्हटल्यावर ऐकून घ्यावंच लागतं.

त्या शनिवारी पळी व्हर्नाच्या हातात होती. फ्लोरींच्या अंगणात तांब्याचा मोठा हंडा चुलाणावर चढला होता. सकाळचं धुकं अजून बागेतून उठलं नव्हतं आणि हंड्याची वाफ त्यात मिसळत होती. झाडं कुठे संपतात आणि आभाळ कुठे सुरू होतं ते काही कळत नव्हतं. ऑर्फा आजी गोधडी पांघरून खुर्चीत बसली होती. ती झोपली आहे असं सगळे धरून चालले होते, आणि तिलाही ते सोयीचं होतं.

बोलणं बाकाच्या सेवेचं चाललं होतं. आमच्याकडे तिला नुसतं ‘बाक’ म्हणतात. खोऱ्यातल्या कुणालाही सदसद्विवेकापायी, बोलण्यापायी, श्रद्धेपायी कोर्टात किंवा कुठल्या समितीपुढे उभं केलं, की आमच्या डंकर पंथाच्या चर्चची, म्हणजे आमच्या मंडळीतली माणसं जाऊन त्याच्या मागच्या बाकावर बसतात. काही बोलत नाहीत, फलक धरत नाहीत. नुसतं बसायचं. युद्धाच्या काळात ऑर्फाच्या नवऱ्याने, एल्वुड फ्लोरीने, सैन्यात नाव नोंदवायला नकार दिला, तेव्हा खटल्यात त्याच्या मागे अख्ख्या कोर्टात एकटी ऑर्फा बसली होती. तो तुरुंगातून सुटून आल्यावर तिने ठरवलं, की या खोऱ्यात पुन्हा कुणी असं एकटं बसायचं नाही. पुढे ती थकली आणि मुलीने, व्हर्नाने, बाक हाती घेतला. व्हर्नाने लग्न केलं नाही. लोक म्हणायचे, हिचं लग्न बाकाशीच लागलंय. ती हसून सोडून द्यायची, पण तिला ते आवडायचंही.

आता बाक वाढवायचा होता. शेजारच्या काउंट्यांमधल्या मंडळ्यांकडून विचारणा येत होती. आणि व्हर्नाच्या भावाची, गेलनची मुलगी ज्युडिथ, रिचमंडला वकिली करणारी, ते सगळं सोडून घरी यायला तयार होती. ती आली होती ती आराखडा डोक्यात पक्का करूनच. गावात एक खोली घ्यायची. प्रत्येक काउंटीत बसणाऱ्यांचा एकेक गट उभा करायचा. आणि वकील ठेवायचे, जे तोंड उघडतील.

“आणि गरज पडली तर आपण स्वतः दावा लावायचा,” ज्युडिथ म्हणाली.

व्हर्नाची पळी क्षणभर मंदावली. “डंकर माणूस कुणाला कोर्टात खेचत नाही, ज्युडी. पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं ते.”

“खेचत नाही. नुसता बसून बघतो.”

गेलनने बादलीतली सफरचंदाची फोड उचलून उगाचच तोंडात टाकली. तो मंडळीचा डीकन, म्हणजे पाळकांच्या हाताखालचा सेवक; बहीण आणि मुलगी यांच्या मधोमध उभा, आणि त्याला दोघींचंही पटत होतं. त्याचा हा जुना आजारच होता.

ज्युडिथने मग लीटाचं नाव काढलं. लीटा शाळेत स्वयंपाक करायची. नोकरीच्या नव्या नियमात शपथ घ्या म्हणाले. आपले लोक शपथ घेत नाहीत, हो म्हणजे हो एवढंच सांगतात. लीटाने नाही म्हटलं आणि तिला समितीपुढे बोलावलं. त्या दिवशी बाक गच्च भरला होता, व्हर्नाने स्वतः माणसं गोळा केली होती. लीटाची नोकरी गेली. ती ओहायोला बहिणीकडे निघून गेली.

“शपथेऐवजी नुसता शब्द दिला तरी कायद्याला चालतो, आत्या. तिथे एक वाक्य बोलायचं होतं. समितीला ते माहीत नव्हतं, लीटाला माहीत नव्हतं, आणि आपली सगळी माणसं प्रार्थना करत गप्प बसली होती.”

व्हर्ना ढवळत राहिली. खरं तर ते वाक्य तिला त्या दिवशी माहीत होतं. जिभेवर आलं होतं. पण बाकावरून बोलायचं नाही हा तिचाच नियम होता. बाकावरचा एक बोलला तर दुसराही बोलेल, मग तिथे बाजार भरेल, आणि मग कुठलंच कोर्ट आपल्याला आत येऊ देणार नाही, असं ती प्रत्येक नव्या माणसाला बजावायची. लीटा ओहायोला गेली त्या दिवसापासून व्हर्नाला नीट झोप नव्हती. हे तिने कुणालाही सांगितलं नव्हतं.

“सोमवारी अमोस टॉलिव्हरची तारीख आहे,” ज्युडिथ म्हणाली. “त्याच्यापासूनच सुरुवात करू. मी त्याच्याशी बोललेय.”

अमोस टॉलिव्हर हा रेल्वेतून निवृत्त झालेला काळा माणूस. नाव बायबलमधल्या संदेष्ट्याचं, पण चर्चच्या पायरीला त्याचं पाऊल कधी लागलं नाही, आणि हे तो स्वतःच अभिमानाने सांगायचा. काउंटीचा नवा रस्ता काळ्या लोकांच्या जुन्या कब्रस्तानावरून जाणार होता आणि त्यात त्याचा भाऊ पुरलेला होता. दर शनिवारी तो कोर्टाच्या पायऱ्यांजवळ भावाचं नाव लिहिलेली पाटी घेऊन गप्प उभा राहायचा. एके दिवशी त्याला हटायला सांगितलं, तो हटला नाही, म्हणून त्याच्यावर खटला.

“माझ्याआधी तू बोललीस त्याच्याशी?” व्हर्नाने विचारलं. तिचा आवाज अगदी शांत होता, आणि आमच्या लोकांचा आवाज असा शांत झाला की जाणत्याने लांब सरकावं.

“तुला विचारायला हवं होतं?”

“बाक माझा आहे का? विचारायचं कशाला. तुझ्या आजीचा आहे, प्रभूचा आहे. मी आपली झाडलोट करते.”

ऑर्फा आजी डोळे मिटून ऐकत होती. धुक्यात कुठेतरी गाय हंबरली. तिच्या मनात मात्र दुसरीच एक खोली उघडली होती: उंच खिडक्या, लाकडी कठडा, आणि कठड्यापलीकडे एल्वुडची मान. नवी कॉलर तिनेच शिवलेली. तिला त्या कॉलरचे टाकेसुद्धा आठवत होते. बाकी चेहरे, शब्द, न्यायाधीशाचं नाव, सगळं विरघळून गेलं होतं.

“पळी द्या कुणीतरी माझ्याकडे,” ती डोळे न उघडता म्हणाली. “तुम्हा दोघींना भांडतासुद्धा येत नाही. मावा लागेल.”

*

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी प्रेमभोजन होतं. आमच्याकडे वर्षातून दोनदा सगळी मंडळी एकमेकांचे पाय धुते, एका भांड्यातून रश्शात भिजवलेला पाव खाते आणि मग प्रभूची भाकर मोडते. त्याआधी डीकन घरोघरी जाऊन प्रत्येकाला विचारतो, विश्वासात आहेस ना, आणि सर्व भावाबहिणींशी तुझी शांती आहे ना. मनात अढी असेल तर त्या मेजावर बसायचं नाही. बाकीच्या मंडळ्यांनी ही भेट कधीच सोडून दिली. आम्ही ती अजून पाळतो, आणि डीकनच्या कानात पडलेलं डीकनबरोबरच मातीत जातं.

बरोबरचा डीकन गुडघा धरून घरी बसला होता, म्हणून गेलन एकटाच निघाला. बाकीची घरं झाली होती, उरली होती फक्त स्वतःच्या घरातली माणसं. शनिवारी दुपार कलता कलता तो रस्त्यापलीकडच्या व्हर्नाच्या घरी गेला. सख्ख्या बहिणीला हा प्रश्न विचारताना त्याला दर वेळी अवघडल्यासारखं व्हायचं.

व्हर्नाने कॉफी ठेवली. मग हात मांडीवर ठेवून सांगितलं, की तिने माघार घेतली आहे. ज्युडी म्हणते तेच खरं. लीटाचं जे झालं ते आपल्या हट्टापायी झालं. पोर शिकलेली आहे, तिच्या अंगात जोर आहे, आपण तिच्या वाटेत उभं राहायचं नाही. बाकावरच्या माणसांनाही तिने या वेळी निरोप दिलेला नव्हता. ज्युडीला अमोसचं काम तिच्या पद्धतीने करायचंय, तर तिथे आपली गर्दी कशाला.

“तिला सांगू नकोस एवढ्यात,” ती म्हणाली. “सोमवार पार पडू दे. नाहीतर तिला वाटेल, आत्या रुसली. आता माझी सर्वांशी शांती आहे, बंधू गेलन. लिहून घे हवं तर.”

गेलनचा जीव भांड्यात पडला. बहिणीच्या मनाचा मोठेपणा बघून त्याचे डोळेही भरले. परत येताना बाग इतकी शांत होती की एखादं सफरचंद गवतावर पडलं तरी ऐकू येत होतं. वाकलेल्या फांद्यांखालून चालताना त्याला वाटलं, देवाने आपल्या घरावर केवढी कृपा केली आहे.

घरी ज्युडिथ मागच्या पायरीवर बसली होती. तिलाही विचारायचं होतं. गेलनने टोपी काढली, बापाचा आवाज बाजूला ठेवला आणि डीकनच्या आवाजात विचारलं.

ज्युडिथ म्हणाली, तिची आता शांती आहे. दुपारभर विचार करून तिने माघार घेतली होती. आत्याने अख्खं आयुष्य ज्या बाकाला दिलं तो आपण रिचमंडहून येऊन दोन वाक्यांत मोडीत काढायला निघालो, याची तिला लाज वाटत होती. अमोसला तिने फोनसुद्धा केला होता, की मी येणार नाही, पण तुम्ही एकटे नसाल, माझी आत्या माणसं घेऊन येईल, ते लोक नेहमी येतात.

“आत्याला नका सांगू, बाबा. मी उपकार केल्यासारखं वाटेल तिला.”

गेलन पायरीवर हळूच बसला. त्याने टोपी गुडघ्यावर ठेवली, मग डोक्यावर घातली, मग पुन्हा काढली. ही म्हणते ती येईल. ती म्हणते ही येईल. आणि दोघींनी त्याचं तोंड बांधून ठेवलेलं. सोमवारी अमोस टॉलिव्हर कोर्टात एकटा बसणार होता, आणि हे सगळ्या जगात फक्त गेलन फ्लोरीला माहीत होतं.

आमच्या लोकांचा हा जुना रोग आहे. आम्हाला जिंकता येत नाही, हरण्यात मात्र आमचा हात कुणी धरणार नाही. दोन डंकर दारात समोरासमोर आले की आधी तुम्ही, आधी तुम्ही करत दोघेही बाहेरच भिजत राहतात. एरवी यावर आम्ही स्वतःच हसतो. गेलनला त्या संध्याकाळी हसू आलं नाही.

“बाबा, बरं वाटतंय ना?” ज्युडिथने विचारलं.

“हो,” तो म्हणाला. “मावा चांगला झालाय या वर्षी.”

*

रविवारी संध्याकाळी चर्चच्या तळघरात मेजं मांडली होती. एकीकडे पुरुषांची, एकीकडे बायकांची. पांढऱ्या चादरी, मंद दिवे, रश्शाचा वास, आणि मेजांच्या टोकाला कोमट पाण्याची घमेली. बाहेर धुकं पुन्हा उतरलं होतं. आत कुणीच मोठ्याने बोलत नव्हतं आणि चालणाऱ्यांची पावलंही वाजत नव्हती. लहानपणापासून इतक्या वेळा तेच बघितलेलं असतं की आत पाऊल टाकताच हे कुठलं वर्ष ते माणूस विसरतो. व्हर्ना आईला धरून आत आली तेव्हा तिला वाटलं, कोपऱ्यात वडील उभे असतील, बाह्या दुमडून, टॉवेल कमरेला बांधायच्या तयारीत.

ऑर्फा मध्ये बसली. एका बाजूला व्हर्ना, दुसऱ्या बाजूला ज्युडिथ. आत्या आणि भाची एकमेकींकडे बघून फार गोड हसल्या. ऑर्फाने ते हसू दोन्हीकडून पाहिलं आणि तिला काहीतरी खटकलं. कालच्या भांडणानंतर इतकं गोड हसू येत नाही माणसाला.

पाळकांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, आपापलं मन तपासा, कुणाला काही सांगायचं आहे का. इथे नेहमी थोडा वेळ शांतता असते आणि मग पहिलं गीत सुरू होतं. या वेळी पुरुषांच्या मेजावरून बाक सरकल्याचा आवाज आला. गेलन उठला होता.

“मी आज मेजावर बसू शकत नाही,” तो म्हणाला.

डीकनच बसत नाही म्हटल्यावर गीताची पुस्तकं उघडलेली हातात तशीच राहिली. पाळकांनी हळूच विचारलं, बंधू, कुणाशी अढी आहे का.

“कुणाशीच नाही. सगळीकडे शांतीच शांती आहे. तेच तर दुखणं आहे.” तो भिंतीकडच्या खुर्चीशी जाऊन उभा राहिला. त्याला सभेत बोलायची सवय नव्हती, कान लाल झाले होते. “मी जे ऐकलंय ते सांगणार नाही. पण मला एक विचारायचंय. उद्या सकाळी अमोस टॉलिव्हरबरोबर कोण असणार आहे? जो जाणार असेल त्याने हात वर करावा.”

तळघरात कुणी हललं नाही. बाकावर नेहमी बसणारे सगळे व्हर्नाकडे बघू लागले, कारण निरोप आलाच नव्हता. व्हर्नाने ज्युडिथकडे पाहिलं. ज्युडिथने व्हर्नाकडे पाहिलं. दोघी एकमेकींच्या हाताची वाट बघत राहिल्या.

“तू जाणार आहेस ना?” शेवटी व्हर्ना कुजबुजली.

“मी? मी तर त्याला सांगितलं, तू येणार म्हणून.”

“मी कुणालाच बोलावलं नाही. तू तुझ्या पद्धतीने करशील म्हणून मी बाजूला झाले.”

“मी तुझ्यासाठी बाजूला झाले, आत्या.”

गेलन खाली बसला आणि त्याने कपाळ पुसलं. कुठल्यातरी मेजावर कुणीतरी हसलं आणि खोकल्यात लपवलं. व्हर्नाला मात्र हसू आलं नाही. तिच्या डोळ्यांपुढे लीटा आली, रिकाम्या स्वयंपाकघराच्या दारात कोट घालून उभी. हे आपण दुसऱ्यांदा करत होतो. पहिल्यांदा गप्प बसून, आणि या वेळी मोठेपणा करून.

ऑर्फाने टॉवेल मागितला.

ती उठली, टॉवेल कमरेला बांधला आणि सांधे दुखत असतानाही व्हर्नाच्या पायांशी खाली बसली. पाळकांनी गीत सुरू करायला मान हलवली, पण तिने हात वर केला. व्हर्नाची पावलं तिने घमेल्यात घेतली. मुलीच्या लहानपणी रोज संध्याकाळी ती ही पावलं अशीच धुवायची.

“एक गोष्ट मी कुणाला सांगितली नाही,” ती म्हणाली. ती व्हर्नाशीच बोलत होती, पण तळघर इतकं शांत होतं की सगळ्यांना ऐकू जात होतं. “तुझे वडील जायच्या आदल्या वर्षीची. आम्ही बागेत होतो. कसा विषय निघाला कुणास ठाऊक, एल्वुड मला म्हणाला, ऑर्फा, त्या दिवशी कोर्टात मला वाटलं कुणीच आलं नाही.”

व्हर्नाने पाय मागे घ्यायचा प्रयत्न केला. ऑर्फाने तो सोडला नाही.

“तो समोर न्यायाधीशाकडे बघत बसलेला. आरोपीला मागे वळू देत नाहीत. मी कठड्याच्या अलीकडे, त्याच्या पाठीशी, दिवसभर. त्याला माहीतच नव्हतं. घेऊन जाताना दारात मान वळली तेव्हा त्याला मी दिसले. तोपर्यंत तो एकटाच होता. मी होते तरी एकटा होता.”

“आई, तू कधी बोलली नाहीस.”

“कशी बोलणार? तुम्ही त्यावर एवढं उभं केलं होतं. लोक बसत होते, त्यांना बरं वाटत होतं. मलाही बरं वाटत होतं.” तिने एकेक पाऊल टॉवेलने पुसलं, बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा. “बसणं खोटं नाही, व्हर्ना. त्या दारातल्या एका नजरेवर त्याने तुरुंग काढला, हेही त्यानेच सांगितलं. पण कठड्यापलीकडे त्याच्या शेजारी एक खुर्ची रिकामी होती. तिथे मला जाऊ देत नव्हते. तिथे फक्त वकिलाला जाता येतं.”

ज्युडिथ रडत होती. पोरगी कोर्टात भल्याभल्यांना गप्प करते असं लोक म्हणायचे, इथे तिला रुमालही सापडेना.

ऑर्फाने रीतीप्रमाणे व्हर्नाचे हात धरले, गालाचं चुंबन घेतलं आणि प्रभू तुला आशीर्वाद देवो म्हटलं. मग टॉवेल सोडून व्हर्नाच्या हातात दिला. आता व्हर्नाने पुढचीचे पाय धुवायचे होते, आणि ऑर्फा मधून उठल्यामुळे पुढची ज्युडिथ होती.

व्हर्ना खाली बसली. तिने भाचीचे पाय पाण्यात घेतले.

“दावा लावण्याचं मला अजून पटलेलं नाही,” ती म्हणाली.

“मला माहीत आहे.”

“मी भांडणार आहे त्यावर. मंडळीच्या सभेत, सगळ्यांसमोर.”

“भांड ना,” ज्युडिथ म्हणाली. “फक्त गोड बोलू नकोस माझ्याशी. मला भीती वाटते.”

“लीटाच्या वेळी मला ते वाक्य माहीत होतं, ज्युडी. शपथेचं. मला माहीत होतं आणि मी बोलले नाही.”

ज्युडिथने वाकून आत्याच्या खांद्यावर हात ठेवला. “आपण दोघी ओहायोला जाऊ,” ती म्हणाली. “तिला भेटायला. आणि अजून काही करता येतंय का ते बघायला.”

पलीकडे गेलन खुर्चीवरून उठला. त्याने कुणालाही काही विचारलं नाही, पुरुषांच्या मेजावर आपल्या जागी जाऊन बसला आणि बूट काढायला लागला. कुणीतरी खालच्या पट्टीत गीत सुरू केलं. मग चार चार जणींनी मिळून एका भांड्यातून पाव खाल्ला. जेवताना बोलायचं नसतं. व्हर्ना मात्र मध्येच वाकून एकेकीच्या कानात काहीतरी सांगत होती, आणि जिला सांगेल ती मान डोलवत होती.

बाक कसा वाढवायचा याचा आराखडा त्या संध्याकाळी ठरला असं मागाहून लोक सांगायचे. खरं तर ठरलं एवढंच, की मागे बाक आणि शेजारी खुर्ची, दोन्ही रिकामी ठेवायची नाहीत. खोली कुठे घ्यायची, दावे लावायचे का, दुसऱ्या काउंटीतल्यांना कोण शिकवणार, यावर पुढे कितीतरी वर्षं भांडणं झाली, आणि आम्ही ती जरा बरी भांडायला शिकलो.

*

सोमवारी सकाळी ऑर्फाला हात धरून कोर्टाच्या पायऱ्या चढवाव्या लागल्या. खिडक्या तशाच उंच होत्या. धुकं काचांना टेकलं होतं आणि आतला उजेड दुधी झाला होता. कठडाही तोच असावा, किंवा तिला तसं वाटलं. मागचे दोन बाक भरले होते. दुखऱ्या गुडघ्याचा डीकनसुद्धा काठी घेऊन आला होता.

अमोस टॉलिव्हर आधीच आत बसला होता. कोट घातलेला, हात मांडीवर, नजर समोर. ज्युडिथ कठड्याचं छोटं फाटक ढकलून पलीकडे गेली आणि त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसली तेव्हा तो दचकला. तिने त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. त्याने मान हलवली, पण नजर समोरच ठेवली. अशा खोलीत उगाच मागे वळू नये हे त्याला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

व्हर्नाने आईचा हात धरला. ऑर्फाला समोर फक्त मान दिसत होती. पिकलेले आखूड केस, दाढी करताना कानामागे राहिलेला साबणाचा ठिपका. ती त्या मानेकडे बघत राहिली. तिला वाटलं, हा दिवस आधी होऊन गेलेला आहे.

नाव पुकारलं गेलं. ज्युडिथ उभी राहिली.

“सुरुवात करण्याआधी एक विनंती आहे,” ती म्हणाली. “माझ्या अशिलाला एकदा मागे वळून बघायची परवानगी मिळावी.”

न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. असली विनंती त्यांच्याकडे बहुधा कधी आली नसावी. त्यांनी नाही म्हणायला काही कारण शोधलं असावं आणि ते सापडलं नसावं.

“वळा,” ते म्हणाले.

अमोस टॉलिव्हर आखडलेल्या मानेने हळूहळू, खुर्चीसकट म्हणावं असा वळला. त्याने पहिला बाक पाहिला, मग दुसरा, मग पुन्हा पहिला, एकेक चेहरा. मग त्याची नजर ऑर्फावर येऊन थांबली.

ऑर्फाने हात थोडासा वर केला. त्या खोलीत तिने एल्वुडची मान दिवसभर पाहिली होती. आज तिला चेहरा दिसला.